शनिवारी दुपारी तीन वाजता: स्कॉटलंडमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

ग्लासगो, एडिनबरा, डंडी, ॲबर्डीन आणि स्कॉटलंडात जिथे जिथे मराठी घर आहे तिथल्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आरतीला आणि दिवाळीच्या फराळाला आपण भेटतो. मी दर वेळी एकच विषय काढते, शनिवारी दुपारी तीनला इथल्या मैदानावर जाऊन फुटबॉलचा सामना बघायचा, आणि दर वेळी तो "बघू, जाऊ कधीतरी" वर येऊन थांबतो. म्हणून या खेपेला सविस्तर लिहायला बसले आहे.

तुमच्यातल्या कितीतरी जणांना आर्सेनल आणि लिव्हरपूलचे राखीव खेळाडूसुद्धा नावानिशी पाठ आहेत. रविवारी टीव्हीसमोर बसून तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडता. पण ज्या शहरात भाडं भरता, मुलं शाळेत घालता, त्या शहरातल्या मैदानाचं दार तुमच्यातल्या बहुतेकांनी अजून पाहिलेलं नाही. मुरानो स्ट्रीटच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, पार्टिक थिसल क्लबचं मैदान, फरहिल, तुमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. गॉर्गीत खोली घेऊन राहणाऱ्यांनो, हार्ट्स क्लबचं टाइनकॅसल तुमच्याच रस्त्यावर आहे. ॲबर्डीनमधल्या तेल कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनो, तुम्ही समुद्रावर फिरायला जाता तेव्हा पिटॉड्रीच्या भिंतीजवळून जाता. १९८३ साली युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला २-१ हरवणाऱ्या ॲबर्डीन क्लबचं घर आहे ते.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्या घरात 'शिवाजी'ची, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाची, मॅच असली की जेवणाची वेळ बदलायची. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वडिलांच्या मांडीवर बसून मी फुटबॉल बघायला शिकले. त्यामुळे इथे नोकरीला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात जास्त काय आठवत होतं, तर ती गॅलरी. नोव्हेंबरातला शनिवार, बारीक पाऊस, खोलीत एकटी. कालव्याच्या कडेने चालायला निघाले आणि पलीकडून एकदम हजारो माणसांचा एकत्र "अरेरे" ऐकू आला. गोल हुकल्यावरचा आवाज. तो आवाज शाहू स्टेडियममध्ये आणि फरहिलमध्ये अगदी सारखा असतो. पुढच्या घरच्या सामन्याला मी पार्टिक थिसलच्या दारात उभी होते. त्याला आता नऊ वर्षं झाली.

स्कॉटलंडच्या व्यावसायिक लीगमध्ये चार विभाग आणि ४२ क्लब आहेत. वरच्या विभागात १२, खालच्या तिन्हींत दहा-दहा. ही सगळी मैदानं पाहायची म्हणून दर शनिवारी रेल्वेने, बसने गावोगाव हिंडणारी माणसं इथे पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातली एक आहे. माझी अडतीस झाली. यादी मात्र स्थिर राहत नाही. तळाचा क्लब हरत गेला तर लीगमधून बाहेर पडतो, खालच्या हायलँड किंवा लोलँड लीगमधला त्याच्या जागी येतो. ब्रीकिन सिटी २०२१ साली अशीच बाहेर गेली. तरीही तिथे जरूर जा. त्यांच्या ग्लीब पार्क मैदानाच्या एका बाजूला भिंतीऐवजी चक्क दाट हिरवं कुंपण आहे, आपल्याकडे बंगल्याला मेंदीचं असतं तसं, फक्त मैदानभर लांब.

ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन मोठ्या क्लबांबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यांची मैदानं भव्य आहेत, तिकीट मिळालं तर बघाच. पण त्या दोघांपाशी थांबलात तर स्कॉटलंडचा फुटबॉल तुम्हाला अर्धासुद्धा कळणार नाही. जेमतेम ५५ लाख वस्तीचा हा देश. लोकसंख्येच्या मानाने मैदानावर जाऊन सामना बघणारे लोक युरोपात इथे सगळ्यात जास्त, आणि ते काही फक्त ग्लासगोच्या दोन स्टेडियममुळे नाही. डिंगवॉल घ्या. इन्व्हरनेसहून अर्ध्या तासाची रेल्वे, पाच-सहा हजार वस्तीचं गाव, आणि तिथल्या रॉस काउंटी क्लबच्या मैदानात गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं मावतात. डंडीला जा. एकाच रस्त्यावर दोन क्लबांची मैदानं, डेन्स पार्क आणि टॅनाडाइस, एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला दोन-तीन मिनिटं पुरतात. कोल्हापूरच्या पेठांची चुरस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकेकाळचं ज्यूटच्या गिरण्यांचं हे शहर, पण दोन्ही क्लब युरोपियन कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेले: डंडी १९६३ साली, डंडी युनायटेड १९८४ साली. बार्सेलोनाशी डंडी युनायटेड चारदा अधिकृत स्पर्धेत खेळलं आणि चारही वेळा जिंकलं.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या मैदानाबद्दल, आर्ब्रोथच्या गेफील्ड पार्कबद्दल. स्टेशनपासून बंदराच्या बाजूला चालत निघालात की आधी धुराचा वास येतो. हॅडॉक मासा लाकडाच्या धुरावर शेकून करतात, त्याला स्मोकी म्हणतात. मालवणी माणसाने तर तो चुकवूच नये. मग मैदान दिसतं आणि त्याच्या भिंतीपलीकडे सरळ उत्तर समुद्र. बघायला उभं राहायचं ते सिमेंटच्या पायऱ्यांवर, समोर कमरेएवढा कठडा. मी पहिल्यांदा गेले तो जानेवारीचा दिवस होता. माझ्या पाठीमागून वारा इतका येत होता की गोलकीपरने लाथ मारून उंच उडवलेला चेंडू मध्यरेषेच्या अलीकडेच हवेत थांबला, क्षणभर तिथेच राहिला, आणि त्याच्याच बचावपटूच्या डोक्यावर परत आला. कोणी हसलं नाही. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे. माझे हात इतके गारठले होते की चहाच्या कपाचं झाकण निघेना. शेजारच्या आजींनी काही न बोलता कप माझ्या हातातून घेतला, झाकण काढलं, परत हातात दिला आणि पुन्हा खेळाकडे बघायला लागल्या. उत्तरार्धात भरती आली होती. भिंतीवर लाट आपटली की पाण्याचे थेंब चेहऱ्यावर यायचे आणि ओठांवर मीठ लागायचं. याच क्लबने १२ सप्टेंबर १८८५ रोजी बॉन ॲकॉर्ड नावाच्या संघाला ३६-० हरवलं होतं. अठरा वर्षांच्या जॉन पेट्रीने त्यातले तेरा गोल एकट्याने केले. आजींना मी हे विचारलं तर त्यांनी तो आकडा असा सांगितला, जसा आपण घरातल्या थोरल्या माणसाचा जन्मदिवस सांगतो.

उभं राहून बघायच्या या पायऱ्या मोठ्या स्टेडियममधून गेल्या, आणि त्याला कारण आहे. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये तेरा क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसं गेली. तिथेच १९०२ साली लाकडी पायऱ्या कोसळून २५ जणांचा जीव गेला होता. आयब्रॉक्सला गेलात तर कोपऱ्यावरच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा, नावं वाचा. लहान गावांत मात्र गर्दीच बेताची, त्यामुळे पायऱ्या टिकून आहेत आणि तिथली एक रीत मला फार आवडते. घरचे आणि पाहुणे समर्थक वेगळे ठेवलेले नसतील तर मध्यंतरात लोक जागा बदलतात. आपला संघ ज्या गोलकडे चाल करणार त्या गोलच्या मागे जाऊन उभे राहतात. दोन्ही बाजूंची माणसं मधल्या वाटेत एकमेकांना ओलांडतात, पायांचा आवाज, हातात चहा, "तुमचा तो अकरा नंबर चांगला आहे हो" अशी देवाणघेवाण. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा जाहिराती चालू असतात.

मुलांना घेऊन जावं का, असं मला अनेक आयांनी विचारलं आहे. जावं. १९८० साली ग्लासगोच्या हॅम्पडेन स्टेडियमवर सेल्टिक-रेंजर्स कप फायनलनंतर मैदानात मोठी दंगल झाली आणि त्याच वर्षी कायदा होऊन प्रेक्षकांच्या जागेत दारू बंद झाली. ती बंदी आजही आहे. दारात थोडी पिऊन आलेली माणसं भेटतील, भाषा शिवराळ कानावर पडेल, हे मी लपवणार नाही. पण मी बाईमाणूस नऊ वर्षं एकटी फिरते आहे, आणि उशिरा रात्रीच्या बसपेक्षा मला मैदानात जास्त सुरक्षित वाटतं. बऱ्याच क्लबांत मुलांना फुकट किंवा अगदी नाममात्र पैशांत सोडतात. थिसलच्या मैदानात माझ्या मैत्रिणीची दोन्ही मुलं कधी तिकीट काढून गेलेली नाहीत.

खाण्यापिण्याचं मात्र नीट वाचा, कारण आपल्यातल्या काही जणांची पहिल्याच दिवशी पंचाईत झाली आहे. सगळे पितात ते तपकिरी गरम पेय, बॉव्हरिल, ते गोमांसाच्या अर्काचं असतं. पाय म्हणजे वरून बंद केलेली गोल खारी वाटी. मूळची मटणाची, पण आता पुष्कळ ठिकाणी गोमांसाची असते, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. शाकाहारी मंडळींसाठी मॅकरोनी पाय असते: त्याच वाटीत चीजमधली मॅकरोनी. ऐकायला विचित्र वाटतं, पण शून्य अंशात ती हातात धरली की खाण्याआधी बोटांना ऊब मिळते. सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून माझ्या पिशवीत थालीपीठ असतंच. फॉरफरला गेलात तर ब्रिडी घ्या, आपल्या करंजीच्या घाटाची, आत खिमा. फॉरफरच्या मैदानाचं नाव स्टेशन पार्क, पण गावात स्टेशन नाही. प्रवासी रेल्वे १९६७ साली बंद झाली. डंडीहून बसने जायचं. मी हे न बघता निघाले होते आणि पूर्वार्ध चुकला होता.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण ती न लिहिता तुम्हाला या म्हणणं खोटेपणाचं होईल. एका मैदानावर, नाव लिहीत नाही, माझ्या मागच्या एका माणसाने कातडीच्या रंगावरून शिवी दिली. मला नाही, मैदानातल्या एका खेळाडूला. पण शब्द तोच होता जो मलाही लागू होतो. माझे पाय जागच्या जागी थिजले. मी स्टुअर्डला, म्हणजे मैदानावरच्या बंदोबस्ताच्या माणसाला, जाऊन सांगितलं, तेव्हा माझा आवाज थरथरत होता. त्याने माझ्याकडून शब्द नीट विचारून घेतला आणि त्या माणसाला बाहेर काढलं. मी परत जागेवर आले तेव्हा शेजारचे दोघं सरकून उभे राहिले होते, एक माझ्या डाव्या बाजूला, एक उजव्या. नऊ वर्षांत एकदा. एकदाही घडायला नको होतं. तुमच्यासोबत घडलं तर गप्प बसू नका, स्टुअर्ड त्यासाठीच उभा असतो. आणि त्या एका दिवसापायी मी पुढचा शनिवार सोडला नाही, कारण मैदान त्या माणसाच्या मालकीचं नाही.

ते कोणाचं आहे याचा इतिहासच सांगते. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत झाला, पार्टिकमधल्या हॅमिल्टन क्रेसेंटवर. ते क्रिकेटचं मैदान होतं आणि आजही आहे. स्कॉटलंड-इंग्लंड, शून्य-शून्य. त्यानंतर नऊ वर्षांच्या आत, १२ मार्च १८८१ रोजी, स्कॉटलंडने लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ हरवलं तेव्हा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन. ब्रिटिश गयानात जन्मलेला, कृष्णवर्णीय. १९३६ साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिककडून दोन सामने खेळला, बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून. युरोपातल्या क्लबकडून खेळणारा भारतीय उपखंडातला तो पहिला. घरची आठवण येऊ लागली म्हणून परत गेला. मला त्याचं फार वाटतं. आणि उलट दिशेनेही पाहा. १८८८ साली सिमल्यात ड्युरंड कप सुरू झाला, त्याच्या पहिल्याच अंतिम सामन्यात दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते, रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री. आपल्याकडचा फुटबॉल आला तो अशा पलटणींच्या पायाने. इथल्या पायऱ्यांवर उभं राहताना आपण अगदीच परक्या दारात आलो, असं मला वाटत नाही.

मी एवढ्या तळमळीने का लिहिते आहे ते सांगण्यासाठी तुम्हाला कॅथकिन पार्कमध्ये नेते. ग्लासगोच्या दक्षिणेला, हॅम्पडेनपासून चालत जवळच. ते आता नगरपालिकेचं उद्यान आहे, कुत्री फिरवायला लोक येतात. आत शिरलं की मधे हिरवं मैदान आणि तीन बाजूंना सिमेंटच्या पायऱ्या, वर चढत गेलेल्या. पायऱ्यांच्या फटींतून झाडं उगवली आहेत, आता चांगली मोठी झालेली. गर्दी थोपवायचे लोखंडी कठडे अजून उभे आहेत. शरद ऋतूत गेलात तर पायऱ्या पानांनी झाकलेल्या असतात आणि पायाखाली कुठली पायरी संपली ते कळत नाही. इथे थर्ड लानार्क नावाचा क्लब खेळायचा. १८७२ साली त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या वेळीच पलटणीतल्या स्वयंसेवक सैनिकांनी काढलेला. १९०४ साली लीग जिंकली, दोनदा स्कॉटिश कप जिंकला. १९६०-६१ च्या मोसमात बरोबर शंभर गोल करून तिसरा आला. त्यानंतर सहा वर्षांत, १९६७ साली, क्लब कायमचा बंद झाला. कारभार बिघडला, पैसा गेला, माणसं येईनाशी झाली. मी तिथे एका कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. लोखंडाचा रंग निघालेला होता आणि वरचा भाग गुळगुळीत होता, हातांनी झिजलेला.

खालच्या विभागांत कित्येक सामन्यांना तीनशे-चारशे माणसं असतात. तुम्ही चौघं गेलात तर शंभरातला एक तुम्ही. तुमच्या तिकिटाच्या पंधरा-वीस पौंडांतून कपडे धुणाऱ्या बाईंचं बिल जातं, गवत कापलं जातं, दिव्यांची वीज भरली जाते. मध्यंतरात फिफ्टी-फिफ्टीचं, म्हणजे क्लबच्या सोडतीचं, तिकीट विकायला येणारे आजोबा पगारी नसतात. मँचेस्टरच्या कुठल्या क्लबला तुम्ही टीव्ही बंद केलात तर कळणारही नाही. इथे तुम्ही सलग दोनदा आलात की तिसऱ्यांदा दारातला माणूस विचारतो, मागच्या शनिवारी दिसला नाहीत?

तेव्हा आपल्या मंडळांना माझी एक मागणी आहे. वर्षातून एकदा सहल म्हणून बस करून लॉख लोमंडला जाता, तशीच एक सामन्याला करा. सप्टेंबरात नवे विद्यार्थी येतात तेव्हा त्यांना बँक खातं, डॉक्टर नोंदणी आणि किराण्याची दुकानं यांची माहिती देता, त्यात जवळच्या मैदानाचं नाव आणि घरच्या सामन्यांच्या तारखा घाला. कुठे दारात पैसे चालतात, कुठे आधी ऑनलाइन तिकीट काढावं लागतं, हे क्लबच्या साइटवर असतं. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, सामना उजेडात सुरू होतो आणि दिव्यांखाली संपतो, म्हणून मोजे दोन जोड घाला. हिरवा किंवा निळा स्कार्फ ग्लासगोत विचार न करता विकत घेऊ नका, कोणत्या क्लबचा रंग आहे ते आधी विचारा. एवढंच.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा आर्ब्रोथला जाते आहे. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून सकाळची ॲबर्डीनची गाडी, एडिनबराकडच्यांनी डंडीला गाठ घालावी. फलाटावर मी लाल-पिवळ्या स्कार्फमध्ये असेन, थिसलचा आहे तो. थालीपीठं सहा जणांना पुरतील एवढी आणते. जास्त जण येणार असाल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे भाजणी जास्त भिजवता येईल.

आपली,
शिवाजी पेठेतली एक ग्लासगोकर